वेंकूबाईंचा आठवा धडा

ही गोष्ट प्रभव संवत्सराची, म्हणजे इंग्रजी साल एकोणीसशे सत्तावीसची. त्या वर्षी मद्रासेतल्या कुठल्याशा सरकारी खात्याच्या ध्यानात आले की आपल्या मुलखातल्या बायकांना मुले वाढवता येत नाहीत. तोवर त्या मुले वाढवत आल्या होत्या हे खरे, पण ते सगळे मंजुरीवाचून. म्हणून हुकूम सुटला. गावोगावी मातांसाठी वर्ग काढावेत, बालसंगोपनाचे बारा धडे द्यावेत, आणि शिकवायला 'स्थानिक, प्रतिष्ठित व साक्षर स्त्री' नेमावी.

तंजावुरातल्या ज्या कचेरीत हा हुकूम आला, तिथे बाळकृष्णराव हेड गुमास्ता होते. कागद आला की काही दिवस तो दुसऱ्या कागदांखाली मुरत ठेवायचा, अशी त्यांची पद्धत होती. पुष्कळसे कागद अशाने आपोआप निकालात निघत. हा निघेना. आरोग्याधिकारी डॉक्टर सुब्रमण्यम रोज टेबलापाशी येऊन उभे राहू लागले, तेव्हा बाळकृष्णराव बाई शोधायला निघाले. ज्या प्रतिष्ठित होत्या त्यांना वाचता येत नव्हते. ज्यांना वाचता येत होते त्या मिशनच्या शाळेतल्या, बाहेरगावच्या. तिन्ही गुण एकत्र असलेली बाई त्यांना सापडली ती अखेर घरीच, संध्याकाळची कापी, म्हणजे कॉफी, घेऊन उभी असलेली.

"मी?" वेंकूबाई म्हणाल्या. "अहो, मला मूल नाही. मी आयांना काय शिकवू?"

"हुकुमात 'माता' कुठं आहे? 'स्त्री' आहे. मी नीट वाचलंय."

लग्नाला पंधराएक वर्षे झाली होती. दोघांनी रामेश्वर केले, वैदीश्वरन् कोविल केले, कोणी सांगितले म्हणून पिंपळाला प्रदक्षिणाही घातल्या. घर रिकामेच राहिले. पण वेंकूबाईंना मूल नाही, हेही पुरते खरे नव्हते. ती हकीकत आधी सांगायला हवी.

भिंतीपलीकडच्या घरात वैद्यनाथराव आणि सुंदरी राहत. वैद्यनाथराव एका छत्रमच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, हिशेबावर होते, सुंदरी विशीतली होती. तिची तीन मुले, एकामागून एक, वर्ष भरायच्या आत गेली. चौथा झाला तेव्हा जयलक्ष्मीमामींनी उपाय सांगितला. या मामी मेलवीधीमागच्या त्या गल्लीतल्या सर्वांत वडील बाई. त्यांचे नाव यापुढे वारंवार येईल, त्याला इलाज नाही. उपाय असा की मूल तवुडाला द्यायचे. तवुड म्हणजे तांदळाचा कोंडा. बाळ सुपात घालून दुसरीच्या दारात न्यायचे. तिने पसाभर तवुड देऊन ते विकत घ्यायचे, आणि मग नुसते सांभाळायला म्हणून खऱ्या आईच्या हवाली करायचे. न्यायला जो येतो त्याला वाटावे, हे पोर भलत्याचेच, कोंड्याच्या मोलाचे, हे नेऊन काय करायचे? मात्र सोंग मोडायचे नाही. सुंदरीने त्याला 'माझा' म्हणायचे नाही, आणि त्याने तिला 'आई' म्हणायचे नाही.

मूल विकत घेतले वेंकूबाईंनी. नाव ठेवले सांबशिव, गल्ली म्हणे तवुडू. जेवायला-झोपायला तो सुंदरीकडे असे, आणि तिला 'सुंदी' म्हणे. दिवस उजाडला की मात्र परसातल्या दारातून तो 'आई, आई' करीत वेंकूबाईंच्या स्वयंपाकघरात यायचा. सोंग आहे हे वेंकूबाईंना पक्के ठाऊक होते. पण वर्षभर कोणी रोज सकाळी 'आई' म्हणत येत असेल, तर सोंग कुठे संपते हे ध्यानात ठेवणे कठीण जाते.

तर वर्ग. गल्लीत बातमी फुटताच सल्ले सुरू झाले. कोणी म्हणाले, वर्ग कचेरीजवळ नको, बायका यायच्या नाहीत. कोणी म्हणाले, देवळाजवळ नको, सोवळ्यात यावे लागेल. शाळेत नको, तिथे बाके आहेत. बाकावर बसलेली बाई माजते. अखेर एका छत्रमची ओसरी ठरली, कारण ती कोणालाच पसंत नव्हती.

मग पाटी. पाटी इंग्रजीत, तमिळमध्ये आणि मराठीत हवी होती. तमिळमध्ये आयांच्या वर्गाला 'ताय्‌मार्' वर्ग म्हणतात. रंगाऱ्याला नागरी अक्षरे काढता येत, पण मराठी येत नव्हते. त्याने तमिळ शब्दच आपल्या समजुतीने नागरीत उतरवला आणि मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिले, 'ताई मार'. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरे आपल्या थोरल्या बहिणींच्या पाठीत धपाटे घालून सांगू लागली की सरकारचा हुकूम आहे. पाटी पुसायला मंजुरी हवी होती. ती येईपर्यंत बहिणींनी मार खाल्ला.

पहिल्या शनिवारी वेंकूबाई नऊवारी कोरनाडी लुगडे नेसून, पुस्तक पदराखाली झाकून गेल्या. समोर पाहतात तो गर्दी. त्यांचा ऊर भरून आला. मागाहून कळले की शिपाई कल्याणरामने दवंडीसारखे गावभर सांगून टाकले होते की येणाऱ्या प्रत्येकीला विलायती साबणाची वडी मिळेल. वडी मिळताच निम्म्या उठल्या. उरल्यांच्या पुढे, अगदी मधोमध, मांडी ठोकून जयलक्ष्मीमामी बसल्या होत्या. त्यांचे धाकटे अपत्य तेव्हा मायावरमला वकिली करीत होते.

वेंकूबाईंनी वाचायला सुरुवात केली. "मुलाच्या घशात बोट घालून कफ काढू नये."

"पुस्तक लिहिणाऱ्याला किती गो?" मामींनी विचारले.

"काय किती?"

"पोरं."

"ते लिहिलेलं नाही, मामी."

"मग लिहिलंय तरी काय मेल्यानं?"

सगळ्याजणी हसल्या. मागून कोणीतरी, फारसे हळू नव्हे, म्हणाले, "आणि वाचणारीला तरी किती?" त्यावर कोणी हसले नाही. ते जास्त लागले. वेंकूबाईंनी पान उलटले आणि धडा शेवटपर्यंत वाचला. घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितले की आपण पुन्हा जाणार नाही. बाळकृष्णराव म्हणाले की राजीनामा द्यायचा तर नमुना मद्रासेहून मागवावा लागेल. मग राहिलेच.

दुसरा धडा स्नानाचा. त्यासाठी मद्रासेहून एक रबरी बाळ येणार होते. ते आले, निळ्या डोळ्यांचे, गुलाबी, आणि उजवा हात नसलेले. बाळकृष्णरावांनी आपल्या चोख इंग्रजीत वर कळवले, 'बाळ पोहोचले. उजवा हात तुटलेला आहे.' उलट टपाली विचारणा आली की पोलिसांत वर्दी दिली आहे काय, आणि शुश्रूषा कोण करीत आहे? बाळकृष्णराव या अज्ञानाने दुखावले. त्यांनी लिहिले, 'बाळ जिवंत नाही.' त्यानंतर जे पत्र आले, ते घेऊन डॉक्टर सुब्रमण्यम स्वतः धावत आले आणि ओसरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बाळकृष्णराव हसले नाहीत. त्यांचे इंग्रजी त्या दिवशी जे रुसले ते बरेच दिवस बोलले नाही.

बाहुली बायकांनाही चालेना. ते रबर की कातडे? शिवल्यावर अंघोळ करावी काय? शिवाय हात तुटलेल्या बाळाला न्हाऊ घालणे अशुभ. जिवंत मूल हवे होते, पण चार बायकांपुढे आपले उघडे बाळ कोण देणार? दृष्ट लागेल. तेव्हा खालच्या मानेने सुंदरी म्हणाली, "अक्का, तुझंच आण की. तुझ्या पोराला कोण नाही म्हणतंय?"

तसा तवुडू सरकारी नोकरीत लागला. दर शनिवारी वेंकूबाई पदर खोचून घंगाळापाशी बसत. पाणी कोपराने पाहत, मानेखाली हात देत, कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत साबण लावत. तो पाणी उडवी आणि ओरडे, "आई, पुरे!" ओसरीभर बायका पाहत असत. कोणी हसत नसे. कोणी टोमणा मारीत नसे. मामीसुद्धा एकदा म्हणाल्या, "हात चांगला आहे हो हिचा." पंधरा वर्षे ज्या गल्लीत वेंकूबाईंनी ओटी भरताना मागे उभे राहायचे असते हे न सांगता पाळले होते, त्या गल्लीसमोर सरकारने त्यांना मूल दिले होते. ते शनिवार त्यांच्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते.

पुढचे धडे चाचपताना एका दुपारी त्यांनी आठवा उघडला. त्यात लिहिले होते, 'काही अज्ञ माता मूल जगावे म्हणून ते कोंड्याच्या मोबदल्यात परक्या स्त्रीस विकल्याचे सोंग करतात. हे सोंग त्यागावे. आपली आई कोण, हे मुलास पहिल्यापासून ठाऊक असावे. ते ठाऊक नसलेले मूल मनाने खुरटते.'

वेंकूबाईंनी पुस्तक मिटले. पुढल्या शनिवारी सातव्यानंतर नववा धडा झाला. नववा दातांचा होता, त्यात कोणाचे काही जाणार नव्हते.

पण मद्रासेहून दोरसानी, म्हणजे गोरी मडम, तपासायला आली. टोपी घातलेली, उन्हाने लाल झालेली, स्वभावाने बरी बाई. डॉक्टर दुभाषा म्हणून बाजूला. तिने पुस्तक चाळून नेमके बोट ठेवले, "आठवा होऊ दे. तोच ऐकायचा आहे."

वेंकूबाईंपुढे घंगाळ होते, त्यात तवुडू होता. त्यांनी वाचले. आधी तमिळ, मग मराठीत अर्थ. आवाज इतका हळू, की मामी ओरडल्या, "अगो, मोठ्यानं! एरवी ऐकू येतं, आज काय झालं?" त्यांनी मोठ्याने वाचले. बायका घंगाळाकडे पाहू लागल्या. सगळ्यांना सगळे ठाऊक होते.

दोरसानीने कौतुकाने घंगाळातल्या गुटगुटीत पोराकडे पाहून विचारले, "हे मूल कुणाचं?"

"वेंकूअक्काचं," सुंदरीने सवयीने उत्तर दिले.

दोरसानी प्रसन्न झाली. म्हणाली, ही खरी शिक्षिका, स्वतःच्या मुलावर धडे देते. डॉक्टरांनी ते मराठी बायकांना तमिळमध्ये सांगितले. वेंकूबाईंना फक्त मान हलवायची होती.

तेवढ्यात सुंदरी उठून उभी राहिली. ती वर्गात कधी बोलत नसे. "अक्का," ती म्हणाली, "ते पुस्तकात लिहिलंय ते खरं? मी त्याला माझा म्हटलं, तर त्याला काही होणार नाही?"

सुंदरीला वाचता येत नव्हते. वेंकूबाई काहीही सांगू शकल्या असत्या. त्यांचे हात साबणाच्या पाण्यात होते.

"काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "म्हण."

सुंदरीने तोंड उघडले आणि शब्द फुटेना. मग फुटला. "माझा," ती म्हणाली, "माझा, माझा," आणि ओले पोर उचलून छातीशी धरून तिने असा गळा काढला की दोरसानी दचकून उठली. तिला वाटले मुलाला पाण्याने भाजले. तवुडू तर घाबरलाच. तो सुंदीच्या खांद्यावरून वेंकूबाईंकडे दोन्ही हात पसरून "आई, आई" करून ओरडू लागला. वेंकूबाईंनी हात पाण्यातून वर काढले नाहीत.

दोरसानीच्या शेऱ्यात म्हटले होते की वर्ग उपयुक्त आहे, परंतु माता फार हळव्या आहेत आणि साबण जास्त खर्च होतो.

मामींनी सांगितले की सौदा मोडायचा तर तवुड परत करायला हवे. पण मूळ तवुड दोन वर्षांपूर्वीच सुंदरीकडच्या म्हशीने खाल्ले होते. त्यावर गल्लीत बराच खल झाला. शेवटी नवे पसाभर चालेल असे ठरले, आणि सुंदरीने ते वेंकूबाईंच्या ओच्यात घातले. त्या दिवसापासून तवुडूला शिकवू लागले, आई म्हणजे ही, ती वेंकूमामी. पोर हुशार होते. चार दिवस चुकले, मग चुकले नाही.

पंधरवडाही गेला नसेल, त्याला ताप भरला. साधा नव्हे, डोळे उघडेना असा. डॉक्टरांनी औषध दिले आणि वाट पाहायला सांगितले. गल्लीने वाट पाहिली नाही. पुस्तकाने पोर खाल्ले, हे नळावर ठरूनही गेले. पहाटे वेंकूबाई दार उघडून सडा घालायला आल्या तर पायरीवर सुंदरी. तिने तापलेल्या पोराला सुपात घातले होते. तो आता दोन वर्षांचा. सुपात मावत नव्हता, पाय दोन्हीकडून बाहेर लोंबत होते. काखेत तिने तवुडाची पुडीही आणली होती.

"अक्का, घे. पुन्हा विकत घे त्याला. तवुडसुद्धा मीच आणलंय, तू नुसतं आपल्या हातानं मला दे. अगो, लवकर दे."

वेंकूबाईंचा हात पुडीकडे गेला. गेलाच. पसाभर उचलायचे आणि सुंदरीच्या ओंजळीत टाकायचे, एवढेच काम. पोर त्यांचे होत होते. कोणी हिसकावीत नव्हते, आईच पाया पडून देत होती. मग त्यांच्या मनात आले की हे बरे झाले तर सुंदरी जन्मभर त्याला आपला म्हणायला भिईल. आणि हे भय तिला घालणार कोण, तर हे पोर हवे असलेली बाई.

त्यांनी हात मागे घेतला. "तो तुझा आहे, सुंदरी. मी घेणार नाही. आत चल, पाणी उकळू."

सुंदरी त्यांच्याकडे पाहतच राहिली. "तुला तो नकोच होता," ती म्हणाली. "म्हणूनच ते वाचलंस. म्हणूनच म्हण म्हणालीस मला."

 वेंकूबाईंनी पोर सुपातून उचलून आत नेले. ओली फडकी, बार्लीचे पाणी, डॉक्टरांचे कडू औषध, पुस्तकात होते तसे आणि नव्हते तसेही, सगळे केले. सुंदरी उशाशी बसून होती, पण वेंकूबाईंशी एक शब्द बोलली नाही. शनिवारी ताप उतरला. पोराने डोळे उघडले आणि शिकवल्याप्रमाणे नीट, बरोबर, सुंदरीकडे पाहून म्हटले, "आई."

त्या रात्री पानावर बसल्यावर बाळकृष्णराव बराच वेळ भात कालवीत राहिले. मग खाली पाहत म्हणाले, "घेतलं असतं तर काय झालं असतं गो?" लग्नाला पंधरा वर्षे होऊन वेंकूबाईंना त्या दिवशी कळले की रोज सकाळी परसदार वाजले की हा माणूस कचेरीचे कागद का बाजूला ठेवायचा.

पुढल्या शनिवारी वर्गाला कोणी आले नाही. त्याच्या पुढल्या शनिवारी साबण घ्यायलाही कोणी आले नाही. ज्या बाईने मरणाच्या दारातले पोर घ्यायला नकार दिला, तिच्याकडून मुले वाढवायला कोण शिकणार? सरकारदरबारी मात्र वर्ग पुढे तीन वर्षे चालला, कारण तो बंद करायचा हुकूम यायला तेवढा वेळ लागला.

डॉक्टर सुब्रमण्यम बदलून सेलमला गेले आणि पुढे मोठे अधिकारी झाले. रबरी बाळाची गोष्ट ते दर मेजवानीत सांगत असत म्हणे. कल्याणरामने उरलेल्या साबणावर मुलीचे लग्न साजरे केले. पाहुण्यांना अत्तराऐवजी वड्या वाटल्या. जयलक्ष्मीमामी खूप म्हाताऱ्या होऊन गेल्या. शेवटल्या आजारात त्या न्हाऊ घालायला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत, वेंकूबाईच लागत. बाळकृष्णराव पेन्शनीत निघाले आणि लढाईच्या दिवसांत, तांदूळ मोजून मिळत होता तेव्हा, झोपेतच वारले.

वैद्यनाथरावांनी खटपट करून तिरुवैयारूला बदली करून घेतली होती. सुंदरीला नंतर मुली झाल्या, त्या जगल्या. तंजावूर चार कोसांवर होते, पण ती पुन्हा त्या गल्लीत आली नाही. चाळिशीतच गेली. वेंकूबाईंना कोणी कळवले नाही. देवळात कानावर आले.

सांबशिव शिकला, त्रिचीला रेल्वेत लागला. बापाच्या एका जुन्या कागदावर सही हवी होती म्हणून एकदा गल्लीत आला, बायको आणि तान्हे बाळ बरोबर. उंच झाला होता. वाकून नमस्कार केला आणि बायकोला म्हणाला, "ह्या वेंकूमामी. आमच्या शेजारी राहायच्या."

सून मोकळी होती. बाळ वेंकूबाईंच्या मांडीवर ठेवून तिने विचारले, "मामी, तुम्हाला मुलं किती?"

"त्यांना नाहीत," सांबशिवने परस्पर, हळूच सांगितले. म्हाताऱ्या बाईला वाईट वाटू नये म्हणून.

वेंकूबाईंनी मान हलवली. बाळ भुकेने तोंड वळवू लागले होते. त्यांनी त्याच्या मानेखाली हात घातला, अलगद उचलले, आणि त्याच्या आईकडे दिले.